शक्यता नाकारता येत नाही

आमच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलात तिसऱ्या मजल्यावर जिन्याला लागून एक खोली आहे. एक टेबल, एक खुर्ची, दोन स्क्रीन आणि एक माणूस एवढंच तिच्यात मावतं. आणखी काही आत न्यायचं तर आधी माणसाला बाहेर काढावं लागतं. हा माणूस दिवसभर एका काळ्याकुट्ट स्क्रीनवर पांढरी अक्षरं उमटवत बसतो. तिथे चित्र नसतं, बटण नसतं, हलणारा बाणसुद्धा नसतो. नोंदणीच्या टेबलावरच्या ताई पहिल्यांदा तिथे डोकावल्या आणि खाली येऊन सगळ्यांना म्हणाल्या, "अहो, एवढा शिकलेला माणूस अजून पाटीवर गिरवतोय!" तेव्हापासून हे गृहस्थ पाटीमास्तर झाले. त्यांचं खरं नाव पगाराच्या दिवशी फक्त हिशेबनीसाला आठवतं.

माझं चष्म्यांचं दुकान याच इमारतीत तळमजल्यावर आहे. काम नसलं की पाटीमास्तर खाली येतात, माझ्याकडच्या न खपणाऱ्या फ्रेमा डोळ्यांना लावून आरशात बघतात आणि नेटवर्कविषयी प्रवचन देतात. नोंदणी, डॉक्टरांच्या खोल्या, औषधांचं काउंटर, माझं दुकान, सगळीकडचे संगणक तळघरातल्या एका सर्व्हरच्या जिवावर चालतात. सर्व्हर तळघरात आणि मास्तर तिसऱ्या मजल्यावर, पण मास्तर वरून कमांड टाइप करतात आणि खाली यंत्र मुकाट ऐकतं.

"तुमच्या वहिनीला हे जमवून दाखवा म्हणावं," असं ते म्हणायचे. वहिनी म्हणजे त्यांची बायको. घरात कमांड कोण देतं आणि मुकाट कोण ऐकतं, हे आम्हाला माहीत असल्यामुळे आम्ही गप्प बसायचो.

पण माणूस कामाला वाघ, हे मान्य करायलाच हवं. एखाद्या डॉक्टरचा संगणक रुसला की मास्तर जागचे हलत नाहीत. त्या संगणकाला वरूनच हाक मारतात. त्याने ओ दिली तर ठीक. नाही दिली तर वाटेतल्या एकेका यंत्राला हाक मारत जातात, आणि ज्याच्यापुढे आवाज पोचत नाही त्याची मानगूट धरतात. "अहो, हरवलेलं पोर शोधायला गल्लीतल्या दारोदार जातात ना, तसंच हे," ते सांगायचे. हे सांगताना त्यांचा चेहरा असा उजळायचा, की माझ्या न खपणाऱ्या फ्रेमासुद्धा त्यांना शोभून दिसायच्या.

दोष म्हणाल तर एकच. दर महिन्याला सगळ्या कर्मचाऱ्यांची बैठक होते. तिथे मास्तर उठून उभे राहतात आणि छाती काढून एक वाक्य ऐकवतात, "नेटवर्क पडत नाही, पाडलं जातं!" मग पाडणाऱ्यांची नामावळी सुरू होते. त्यात खुर्चीची चाकं असतात, फरशी पुसायचा मॉप असतो, उंदीर असतात, पाय पसरून बसणारे डॉक्टर असतात आणि नेहमी सर्वांत शेवटी, सणसणीत ठसक्यात, वायरमन असतो.

हा वायरमन म्हणजे मास्तरांचा सख्खा मेहुणा, वहिनींचा धाकटा भाऊ. हॉस्पिटलातले पंखे, दिवे, बटणं याच्या ताब्यात. कमरेला पक्कड, कानामागे पेन्सिल आणि हातात ड्रिल. मास्तर आणि तो जिन्यात समोरासमोर आले की ऐकणाऱ्यांची चंगळ व्हायची.

"काय रे करंट," मास्तर म्हणायचे, "तुझ्या तारेतून काय जातं? नुसती वीज. गाढवालाही धक्का बसेल. माझ्या तारेतून अक्कल जाते, अक्कल!"

"जात असेल हो भाऊजी," तो पायरीवर थांबून शांतपणे विचारायचा, "पण सगळी तारेतून गेली तर डोक्यात काय उरतं?"

मास्तर हसत सुटायचे. मेहुण्याने आपल्याला उत्तर द्यावं, याचा त्यांना मनापासून अभिमान होता. हॉस्पिटलला लागून नवा विभाग उभा राहत होता आणि त्याच्या सगळ्या वायरिंगचं काम या मेहुण्यालाच मिळणार, असं जवळजवळ ठरलं होतं. एवढं मोठं काम त्याने आजवर कधी केलं नव्हतं. मोठ्या मॅडमकडे, म्हणजे हॉस्पिटलच्या प्रमुख डॉक्टरांकडे, शब्द टाकला होता तो मास्तरांनीच. "माझा मेहुणा आहे म्हणून नाही सांगत," असं म्हणून टाकला होता. म्हणजे मेहुणा आहे म्हणूनच.

आणि मग तो दिवस आला.

सकाळची वेळ, हॉल गच्च भरलेला. तपासणीआधी बाहुल्या मोठ्या व्हाव्यात म्हणून पेशंटच्या डोळ्यांत थेंब घालून त्यांना बाकांवर बसवलं होतं. थेंब घातले की जवळचं काही दिसत नाही, आणि दूरचं दिसलं तरी ओळखू येत नाही. वर खोलीत मास्तर सर्व्हरशी बोलत होते. त्या सर्व्हरला नेटवर्कची दोन कार्डं आहेत. एक रोजच्या कामाचं, ज्याच्यावर सगळं हॉस्पिटल चालतं. दुसरं राखीव प्रती काढण्यापुरतं. दोघांची नावं अगदी जुळ्या भावांसारखी, फक्त शेवटचा आकडा वेगळा. एकाच्या शेवटी शून्य, दुसऱ्याच्या शेवटी एक. दुसरं कार्ड जरा कुरकुरत होतं. त्याला बंद करून पुन्हा चालू करायचं, एवढंच काम होतं.

पेशंट असताना सर्व्हरला हात लावायचा नाही, हा नियम मास्तरांनी स्वतः केलेला. पण नियम करणाऱ्याला तो कुठे वाकवता येतो हेही माहीत असतं. हे तर चुटकीसरशी व्हायचं काम होतं!

बोटं टाइप करत होती तेवढ्यात फोन वाजला. दुसऱ्या मजल्यावरून वायरमन बोलत होता. "भाऊजी, इथे बोळात पंख्यासाठी भोक मारायचंय. भिंतीमागे तुमची वायर नाही ना?"

"माझी वायर छतातून जाते रे. भिंतीत काही नाही. मार बिनधास्त."

आणि हे बोलता बोलता त्यांनी एंटर दाबलं. बोटांना दिवसभर सवय शून्याची. त्यांनी शून्यच टाइप केलं होतं.

आता गंमत अशी, की मास्तर तळघरातल्या सर्व्हरपर्यंत पोचले होते ते त्या शून्यवाल्या कार्डातूनच. बंद करायची कमांड पोचली, यंत्राने ती मुकाट पाळली आणि वाटच मिटून गेली. चालू करायची कमांड कुठून पाठवणार? बसल्या फांदीवर कुऱ्हाड घालणाऱ्या माणसाची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. पण त्या माणसाला निदान खाली पडताना काही तरी पकडायला मिळतं. मास्तरांच्या पुढ्यात नुसती काळी पाटी उरली. किल्ल्या दाबल्या तरी अक्षर उमटेना.

त्याच क्षणी खाली दुसऱ्या मजल्यावर ड्रिल घरघरलं.

"गेलं!" नोंदणीच्या ताई ओरडल्या. "गेलं!" औषधवाला. "गेलं हो!" हे मी. डॉक्टर खोल्यांतून बाहेर आले. पेशंटचे कागद उघडेनात, जुने रिपोर्ट दिसेनात, कोणाच्या कुठल्या डोळ्याला काय झालंय ते कळेना.

खरं तर उपाय सोपा होता. तळघरात जायचं, सर्व्हरला कीबोर्ड जोडायचा, एक ओळ टाइप करायची आणि परत यायचं. मास्तर निघालेही तसेच, दोन दोन पायऱ्या उतरत. पण जिन्याच्या वळणावर मोठ्या मॅडम उभ्या होत्या. मोठ्या मॅडम आवाज कधी चढवत नाहीत. चष्म्याच्या वरून बघतात, आणि समोरच्याला लहानपणची उत्तरपत्रिका आठवते.

"काय झालं?"

"बघतो मॅडम."

"वर ड्रिल चालू झालं आणि हे बंद पडलं. त्याच्यामुळे झालं असेल का?"

मास्तरांनी मला नंतर सांगितलं, "दुकानदार, त्या वेळी नाही म्हणायला एक क्षण पुरला असता. पण नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न 'मग कशामुळे?' हाच आला असता. आणि मी बैठकीत दर महिन्याला काय सांगत आलोय?"

म्हणून मास्तर म्हणाले, "शक्यता नाकारता येत नाही."

बघा, खोटं काही नाही यात. कचेऱ्यांमधून आजवर जेवढी पापं निस्तरली गेली, त्यांतली निम्मी या एका वाक्याने निस्तरली असतील. पण जिन्याच्या वरच्या टोकाला ड्रिल हातात घेऊन वायरमन उभा होता आणि त्याने ते ऐकलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. हातातलं ड्रिल त्याने जमिनीवर असं ठेवलं, जसं एखादं मूल फुटलेली वस्तू ठेवतं.

वाक्य बाहेर पडलं आणि मास्तर अडकले. आता लगेच जाऊन ते चालू केलं तर तुटलेली केबल कुठे गेली, असं कोणीतरी विचारणार. तेव्हा केबल शोधणं आलं. बोळातली छताची फळी उघडली, मग शेजारची, मग त्याच्या शेजारची. वायरमन शिडीवर चढून मान छतात खुपसून एकेक वायर बोटांनी चाचपत होता. वरून धूळ, कोळिष्टकं, चिमणीच्या जुन्या घरट्याच्या काटक्या खाली पडत होत्या. शिडी धरून खाली पाटीमास्तर उभे.

"भाऊजी, ही अख्खी आहे."

"बरं. पुढची बघ."

"हीपण अख्खीच आहे हो."

"नीट बघ. आतून तुटली असेल."

आणि हॉलमध्ये थेंबवाले पेशंट. एक आजोबा वजनकाट्याला "जरा सरकून बसा" म्हणाले आणि तो सरकत नाही म्हणून रागावले. एक काकू आपली चिठ्ठी कपडे टांगायच्या खुंटाळ्याला देऊन निश्चिंत बसल्या. थेंबांमुळे एकमेकांना ओळखू न शकलेले दोघे सख्खे व्याही तासभर एकाच बाकावर बसून जावयाची आणि सुनेची अगदी मोकळ्या मनाने निंदा करत होते. हसण्यासारखं होतं खरं. पण थेंबांचा अंमल उतरून गेला की ते पुन्हा घालावे लागतात. ज्यांचे डोळे आधीच दुखरे होते ते हाताने झाकून बसले होते. एक बाई रडू लागल्या, कारण त्यांना कामावर परत जायचं होतं आणि रस्ता दिसत नव्हता.

दुपार झाली. "एकदा तळघरात जाऊन शेवटचं बघतो," असं म्हणून मास्तर खाली गेले. दार लावून घेतलं. एक ओळ टाइप केली. "आलं!" असा गलका त्यांना तळघरातून ऐकू आला. मग त्यांनी आणखी एक काम केलं. आपण काय काय टाइप केलं ते यंत्र जपून ठेवतं. तो सकाळचा सगळा इतिहास त्यांनी पुसून टाकला. इतिहास पुसायला राजेरजवाड्यांना फौजा लागल्या, मास्तरांचं एका ओळीत भागलं.

ते वर आले तर हॉलमध्ये टाळ्या! बाकांवरच्या पेशंटनीसुद्धा वाजवल्या. मास्तर कुठे उभे आहेत हे न दिसल्यामुळे बहुतेकांनी त्या खांबाकडे बघून वाजवल्या. तसं झालं ते बरंच झालं, कारण मास्तरांना कोणाकडेच बघवत नव्हतं.

संध्याकाळी मी त्यांच्या आईचा चष्मा द्यायला घरी गेलो तर वायरमन तिथेच बसला होता. मान खाली घालून. वहिनी त्याला फैलावर घेत होत्या.

"तुला किती वेळा सांगितलंय, आधी बघ, मग मार! हॉस्पिटल म्हणजे काय आपलं घर आहे? यांना मान खाली घालायला लावलीस तू."

"ताई, मी भिंत ठोकून बघितली होती ग."

"मग?"

"मग काय... भोक जरा तिरकं वर गेलं असेल. भाऊजी म्हणतात म्हणजे असेलच."

मास्तर पाणी पीत होते. पेला रिकामा झाला तरी पीतच राहिले.

मी निघालो तेव्हा वायरमन मला सोडायला दारापर्यंत आला. मागून मास्तरही आले. मेहुण्याने त्यांना बाजूला घेतलं आणि मी बूट घालत होतो म्हणून मला ऐकू आलं. "भाऊजी, तुम्ही फोनवर 'मार बिनधास्त' म्हणालात ते मी मॅडमना सांगितलं नाही हं. ताईलाही नाही. माणूस आहे, चुकतो. तुमचं नाव खराब व्हायला नको. माझं काय, मी बाहेरचा माणूस."

मास्तर नुसते "हं" म्हणाले. बुटाची नाडी बांधून मी वर बघितलं तर त्यांचे डोळे थेंब घातल्यासारखे झाले होते.

पुढे जे झालं त्याची बातमी वहिनींकडूनच माझ्याकडे येत गेली. भाऊ ड्रिलला हात लावत नाही. एका दुकानाचं काम घेतलं आणि भिंतीवर खूण करून तसाच परत आला. एक भोक मारायचं तर पेन्सिलीने ठोकून, कान लावून, पुन्हा ठोकून बघतो आणि मग म्हणतो, उद्या मारू. "एवढा हिकमती पोरगा," वहिनी म्हणाल्या, "आणि भिंतीला भ्यायलाय." इकडे मास्तरांचं जेवण तुटलं होतं. माझ्या दुकानात येत, पण फ्रेमा घालून आरशात बघणं त्यांनी सोडलं होतं.

मग मोठ्या मॅडमनी नव्या विभागाच्या कामासाठी बैठक बोलावली. माझं दुकानही तिकडे हलणार होतं म्हणून मलाही बोलावलं. नोंदणीच्या ताई होत्या, औषधवाला होता, पाटीमास्तर होते. दाराजवळ वायरमन उभा. बसा म्हटलं तरी बसत नव्हता.

"मला वाईट वाटतं," मॅडम त्याला म्हणाल्या. "काम तुझं चांगलं आहे. पण मागच्या वेळी जे झालं त्यानंतर नव्या विभागाचं काम तुला द्यायचं म्हणजे... तिथे तर ऑपरेशनच्या खोल्या आहेत."

"बरोबर आहे मॅडम," वायरमन म्हणाला. "मीच नको म्हणणार होतो."

तेव्हा पाटीमास्तर उभे राहिले. दर महिन्याला उभे राहतात तसेच, पण छाती आत गेलेली.

"त्याने नाही पाडलं. मी पाडलं."

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"चुकीच्या कार्डाला कमांड दिली मी. भोक मारण्याआधी त्याने मला फोन करून विचारलं होतं. मीच मार म्हणालो. भिंतीत वायर नव्हतीच."

मॅडमनी चष्म्याच्या वरून बघितलं आणि चक्क हसल्या. अशा मायेने मी त्यांना कधी हसताना बघितलं नव्हतं. "अहो, कळतं मला. बायकोचा भाऊ. पण नात्यासाठी असा सगळा दोष अंगावर घ्यायचा नसतो."

"रोज घरी जायचंय ना त्यांना," नोंदणीच्या ताई औषधवाल्याच्या कानात म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने. हशा पिकला.

"मॅडम, मी खरंच सांगतोय."

"भाऊजी!" दाराजवळून वायरमन कळवळून म्हणाला. "नका हो. माझ्यासाठी खोटं नका बोलू. तुमची नोकरी जाईल."

आयुष्यभर ज्याच्या शब्दावर सगळ्यांनी विश्वास ठेवला, त्याचं पहिलं खरं बोलणं कोणी ऐकेना. मॅडम म्हणाल्या, "बरं, मग दाखवा तसं. काही नोंद असेल ना तुमच्या यंत्रात?"

"पुसली."

"कोणी?"

"मी."

ताई पुन्हा हसल्या. हे तर फारच सोयीचं झालं, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं. मास्तरांनी कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाले, "आज शेवटचा पेशंट घरी गेला की दाखवतो. पुन्हा पाडून दाखवतो."

दुपारी हॉल रिकामा झाला. ऊन तिरकं होऊन बाकांवर आलं होतं. प्रत्येक काउंटरवर एकेक माणूस बसला. इमारतीतली सगळी ड्रिलं, म्हणजे वायरमनचं एकुलतं एक ड्रिल, मॅडमनी आपल्या टेबलावर ठेवून घेतलं. मग आम्ही तिसऱ्या मजल्यावर गेलो. खोलीत मास्तर एकटेच मावत असल्यामुळे मॅडम, वायरमन आणि मी दारात दाटीवाटीने उभे. नोंदणीच्या ताईंना आपण "गेलं" म्हणणार हे नक्की नव्हतं, तरी त्या खाली तयारीत बसल्या होत्या.

"ही कमांड," मास्तर म्हणाले. काळ्या पाटीवर पांढरी ओळ उमटली. "आणि हे शेवटचं शून्य. इथे एक हवा होता."

त्यांनी एंटर दाबलं. काळी पाटी थिजली.

"गेलं!" खालून ताई. "गेलं!" औषधवाला. ड्रिल मॅडमच्या टेबलावर गप्प पडलं होतं.

मॅडमच्या चेहऱ्यावरचं हसू उतरत गेलं. मास्तर उठले आणि जिना उतरू लागले. त्यांच्यामागे आम्ही आणि प्रत्येक मजल्यावरून एकेक जण मागे येत गेला, अशी ती मिरवणूक तळघरात पोचली. मास्तरांनी कीबोर्ड जोडला, एक ओळ टाइप केली, एंटर दाबलं. वरून आवाज आला, "आलं!"

जिना उतरायलाच काय तो वेळ लागला होता.

"इतकंच?" मॅडमनी विचारलं.

"इतकंच."

"मग त्या दिवशी दुपारपर्यंत काय चाललं होतं?"

हा प्रश्न येईल याची मास्तरांनी तयारीच केली नव्हती. चूक कबूल करायची एवढंच त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. चूक म्हणजे शेवटचं शून्य. ते तर कोणाच्याही बोटाने पडलं असतं, आणि मॅडमनी ते माफही केलं असतं. पण छताच्या उघडलेल्या फळ्या, दुसऱ्यांदा घातलेले थेंब, रडणाऱ्या त्या बाई, खांबाला मिळालेल्या टाळ्या, हे सगळं त्या एका प्रश्नाबरोबर तळघरात येऊन उभं राहिलं. मास्तरांचा चेहरा असा झाला, की मी सर्व्हरचे हिरवे दिवे मोजायला लागलो.

"मला लाज वाटत होती," ते म्हणाले.

"म्हणून इतक्या लोकांना ताटकळत बसवलंत?"

मास्तर कीबोर्डची वायर गुंडाळू लागले. मग मागून वायरमनचा आवाज आला. शांत होता. जिन्यात थट्टा करायचा तेव्हा असायचा तसाच.

"भाऊजी, मी वर चढलो होतो तेव्हा शिडी तुम्ही धरली होती."

"हो."

"मी म्हणत होतो, ही अख्खी आहे, हीपण अख्खी आहे."

"हो."

"तेव्हाही तुम्हाला माहीत होतं?"

"हो रे."

वायरमनने मान हलवली, जणू काही एखादी वायर अखेर सापडली. मग मॅडमना म्हणाला, "माझं ड्रिल घेऊन जाऊ का?" आणि वर गेला.

नव्या विभागाचं काम त्याला मिळालं. मॅडमनी त्याच संध्याकाळी सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली. पाटीमास्तरांना त्यांनी काढलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी हॉल भरलेला असताना, झालं ते सगळं बाकांवरच्या पेशंटना उभं राहून सांगायला लावलं. ज्यांना खांबच दिसत होता त्यांनी खांबाला शिव्या दिल्या. नोंदणीच्या ताईंनी तर पुढे महिनाभर वात आणला. बाहेर पाऊस पडेल का विचारलं तरी त्या म्हणायच्या, "शक्यता नाकारता येत नाही." मास्तर ऐकून घेत. आता बैठकीत ते उभे राहत नाहीत. वहिनी तर त्या रात्री भावाच्या घरी गेल्या, आणि परत आल्यावर मास्तरांशी जेवढ्यास तेवढं बोलू लागल्या. त्यांना मास्तरांपेक्षा स्वतःचाच राग जास्त आला होता. न केलेल्या गुन्ह्यासाठी भावाला फैलावर घेतलं होतं त्यांनी.

वायरमनची भिंतीची भीती गेली. नव्या विभागात तो एका भिंतीमागून दुसऱ्या भिंतीत अशी भोकं मारत सुटला, की गवंडी घाबरले. मास्तरांशी तो भांडला नाही, वाकडं बोलला नाही. उलट फार व्यवस्थित वागू लागला. एकच फरक पडला. भाऊजी म्हणायचं सोडून तो त्यांना साहेब म्हणू लागला.

"साहेब, तुमच्या वायरींसाठी इथे पाइप टाकतोय. चालेल ना?"

"साहेब, सर्व्हरच्या खोलीला वेगळं बटण हवंय का?"

आदराच्या शब्दाने माणूस इतका झोडपला जाऊ शकतो हे मी तेव्हाच बघितलं. मास्तर त्याला अजूनही "काय रे करंट" म्हणायला जातात, पण "काय रे" एवढंच बाहेर पडतं.

मी एकदा वायरमनला एकटं गाठलं. म्हटलं, "अरे बाबा, किती दिवस साहेब साहेब करणार? तो माणूस झुरतोय. ताईकडे तरी बघ."

त्याने कानामागची पेन्सिल काढली आणि भिंतीवर एक फुली मारली. "मुद्दाम नाही हो करत. रोज सकाळी ठरवून येतो, आज म्हणायचं. पण समोर आले की तोंडातून साहेबच निघतं. शिव्या द्यायच्या असत्या तर देऊन मोकळा झालो असतो. भाऊजी म्हणायला आतून यायला लागतं."

हे बोलणं चालू असताना पाटीमास्तर दारात येऊन उभे होते. त्यांना मोजमापासाठी यायचंच होतं. त्यांनी सगळं ऐकलं असावं, कारण आत न येता ते भिंतीकडेच बघत होते.

वायरमनने मान वळवली. "या साहेब. धूळ उडेल, जरा लांब उभे राहा."

मास्तर आत आले आणि अगदी फुलीच्या खाली उभे राहिले. ड्रिल घरघरलं. पांढरी भुकटी त्यांच्या केसांवर, खांद्यांवर, चष्म्यावर उतरू लागली. त्यांनी ती झटकली नाही. भोक पाडून होईपर्यंत ते तसेच उभे होते, आणि वायरमनने ड्रिल मुद्दाम सावकाश चालवलं की काय, हे मला सांगता येणार नाही.